काम सुटल्यावर मिळणारा पैसा कामावर असतानाच ठरतो

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्याची पाळी बंद झाली, की दुसऱ्या दिवसापासून एक प्रश्न हमखास कानावर येतो. सरकार बेरोजगारांना भत्ता देते म्हणतात, तो कोठे मिळतो? कोणी सांगतो रोजगार कार्यालयात नाव नोंदवा, कोणी सांगतो तहसीलदार कचेरीत अर्ज द्या. दोन-चार हेलपाटे झाल्यावर माणूस कंटाळतो आणि अशी काही सोयच नाही, असे समजून मिळेल त्या कामाला लागतो.

वस्तुस्थिती अशी आहे की महाराष्ट्रात प्रत्येक बेकार माणसाला मिळणारा सरसकट भत्ता नाही. पण एका विशिष्ट वर्गातील कामगाराला काम सुटल्यावर दरमहा रोख रक्कम मिळण्याची कायदेशीर सोय आहे आणि ती २००५ पासून आहे. आपल्या शहरातील अनेक कामगारांना ती ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे, त्यांतील बऱ्याच जणांचे अर्ज एखाद्या कागदावरून अडतात. याचे कारण असे की हा पैसा मिळणार की नाही, हे नोकरी गेल्यानंतर ठरत नाही. नोकरी चालू असतानाच, मालकाच्या रजिस्टरवर आणि दरमहाच्या चलनावर ते ठरून गेलेले असते. म्हणून आज कामावर असलेल्या माणसाने, आणि त्याला कामावर ठेवणाऱ्या मालकानेही, ही माहिती समजून घेतली पाहिजे.

कायद्याची पार्श्वभूमी

आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काचा उल्लेख आहे. मात्र हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत येते आणि त्याला 'राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी जोड आहे. त्यामुळे त्याच्या आधारे थेट न्यायालयात जाऊन भत्ता मागता येत नाही.

इंग्लंडने १९११ साली राष्ट्रीय विम्याचा कायदा केला, तेव्हा बेकारीचा सक्तीचा विमा प्रथम फक्त सात धंद्यांना लागू केला. बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती वगैरे धंद्यांबरोबर त्यात लोखंडाचे ओतकाम, म्हणजे फौंड्रीचा धंदाही होता. या धंद्यांत मागणी कधी वाढते, कधी एकदम घसरते आणि त्यात कामगाराचा काही दोष नसतो, हा त्यामागचा विचार. मालक, कामगार आणि सरकार तिघांनी वर्गणी भरायची आणि काम सुटले की आठवड्याला ७ शिलिंग, वर्षात जास्तीत जास्त १५ आठवडे मिळायचे. कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्याला हे कारण समजावून सांगण्याची गरज नाही. २०१९ साली देशातील वाहन उद्योग मंदावला तेव्हा सुटे भाग ओतणाऱ्या येथील कारखान्यांच्या पाळ्या कमी झाल्या, आणि २०२० च्या टाळेबंदीत तर भट्ट्याच विझल्या.

आपल्याकडे १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्यात आजारपण, बाळंतपण, कामावरील अपघात यांची सोय झाली. बेकारी मात्र वगळली गेली आणि ती उणीव पुढे ५७ वर्षे तशीच राहिली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली स्थापन केलेली येथील शाहू मिल २००३ साली बंद पडली. बेकारी भत्त्याची पहिली योजना सुरू झाली ती १ एप्रिल २००५ रोजी. म्हणजे मिलचा भोंगा थांबला त्या वेळी या शहरातील कामगारासाठी असा भत्ता अस्तित्वातच नव्हता.

दोन योजना, दोन वेगळ्या अटी

कर्मचारी राज्य विमा महामंडळ, म्हणजे कामगारांच्या बोलण्यातले 'ई.एस.आय.', यांच्या दोन योजना आहेत. लोक त्यांची सरमिसळ करतात, म्हणून त्या वेगवेगळ्या सांगतो.

पहिली, २००५ ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. कारखाना कायमचा बंद झाला, कामगाराची कायद्याप्रमाणे कपात झाली, किंवा कामाबाहेरील अपघाताने त्याला किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व येऊन नोकरी गेली, तर ही लागू होते. पहिले १२ महिने सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के आणि त्यानंतरचे १२ महिने २५ टक्के दराने भत्ता मिळतो. त्या काळात कुटुंबाची औषधपाण्याची सोयही चालू राहते. रक्कम आणि मुदत पाहिली तर ही योजना भक्कम आहे. पण कारण सिद्ध करणारा कागद लागतो. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना, वयोमानाने निवृत्त झालेल्यांना ती मिळत नाही.

दुसरी, १ जुलै २०१८ पासूनची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. हिच्यात कारणाची कसोटी थोडी सैल आहे. गैरवर्तणुकीची शिक्षा, निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती यांखेरीज काम सुटले असेल तर अर्ज करता येतो. आरंभी सरासरी कमाईच्या २५ टक्के रक्कम मिळे. टाळेबंदीच्या काळात, २४ मार्च २०२० पासून, ती ५० टक्के केली गेली. पूर्वी काम सुटून ९० दिवस झाल्यावर पैसे मिळत, ती मुदत ३० दिवसांवर आणली. मालकाच्या सहीने अर्ज पुढे जाण्याची अटही काढून टाकली आणि कामगाराला थेट अर्ज करण्याची मुभा मिळाली. भत्ता जास्तीत जास्त ९० दिवसांचा आणि आयुष्यात एकदाच मिळतो. ही योजना कायमस्वरूपी नसून तिची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे, म्हणून अर्जापूर्वी शाखा कार्यालयात मुदतीची चौकशी करून घ्यावी.

आता हिशेब पाहू. समजा, शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डिंगवर काम करणाऱ्या माणसाचा पगार दरमहा १५,००० रुपये आहे. वर्गणीचा दर १ जुलै २०१९ पासून कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के आहे. म्हणजे कामगाराच्या पगारातून साधारण ११३ रुपये कापले जातात, मालक ४८८ रुपये घालतो. दोघांचे मिळून महिन्याला ६०० रुपयांच्या आसपास. दोन वर्षे पूर्ण पगारावर वर्गणी भरली गेली असेल तर त्याची दोन वर्षांची कमाई ३ लाख ६० हजार, तिला ७३० दिवसांनी भागले की दिवसाची सरासरी ४९३ रुपये येते. तिच्या निम्मे म्हणजे सुमारे २४६, आणि ९० दिवसांचे सुमारे २२ हजार रुपये. तीन महिने घरभाडे, किराणा आणि मुलांच्या शाळेचा खर्च भागवायला ही रक्कम फार मोठी नाही, पण हातउसने आणि सावकार टाळायला ती पुरते.

हाच माणूस, हाच पगार, पण मालकाने वर्गणी वाचवण्यासाठी रजिस्टरवर ७,५०० रुपयेच दाखवले असतील तर? भत्ता ११ हजारांवर येईल. बाकीचा पगार पाकिटात रोख मिळत होता, ही गोष्ट महामंडळाच्या दफ्तरी कोठेच नसते. रोखीने पगार घेताना कामगारालाही बरे वाटते, कारण कापणी कमी होते. पण महिन्याला वाचलेल्या ५६ रुपयांसाठी तो अडचणीच्या दिवसातील ११ हजार रुपये आणि आजारपणातील निम्मी रक्कम सोडून देत असतो.

आता ७८ दिवसांची अट. वर्गणीचे वर्ष दोन भागांत मोजतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. अटल योजनेसाठी माणूस किमान दोन वर्षे विम्याच्या नोकरीत असावा लागतो. सवलतीच्या नियमाप्रमाणे काम सुटण्याआधीच्या लगतच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची आणि त्यापूर्वीच्या तीन सहामाह्यांपैकी कोणत्याही एकीत ७८ दिवसांची वर्गणी जमा असावी लागते. सहा महिन्यांचे २६ आठवडे धरले तर ७८ दिवस म्हणजे आठवड्याला बरोबर तीन दिवस होतात. मंदीत कारखाने आधी काय करतात? माणसे काढत नाहीत, पाळ्या कमी करतात. आठवड्याला चार दिवस, मग तीन, मग दोन. कामगार आशेवर थांबून राहतो. अशा रीतीने सहा महिने आठवड्याला दोनच दिवस हजेरी लागली आणि मग काम पूर्ण सुटले, तर सर्वात जास्त झळ सोसलेला माणूसच या अटीत बसत नाही. हा नियमाचा दोष आहे आणि कामगार संघटनांनी तो लावून धरण्यासारखा आहे. तोपर्यंत निदान आपली हजेरी किती भरली याचा हिशेब प्रत्येकाने स्वतः ठेवावा.

राजीनामा कोणाच्या फायद्याचा?

काम कमी झाले की मालक कामगाराला केबिनमध्ये बोलावतो. कोऱ्या किंवा छापील कागदावर सही घेतो. 'घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे' अशा अर्थाचा मजकूर असतो. सही केली की राहिलेला पगार आणि वर थोडी रक्कम हातावर मिळते. कामगार वादात पडत नाही, कारण पुढे कामाला लागायचे तर याच वसाहतीत.

या एका सहीने काय जाते ते पाहा. कायद्याप्रमाणे एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा नोटिशीचे वेतन आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा त्यांत सामावला गेला, तरी हा हिशेब तसाच राहिला आहे. उलट नव्या संहितेत भर पडली आहे. कपात झालेल्या कामगारामागे मालकाने आणखी १५ दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचे आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायचे, अशी तरतूद आहे. स्वखुशीच्या राजीनाम्याने ही सर्व भरपाई जाते आणि राजीव गांधी योजनेतील दोन वर्षांच्या भत्त्याचा दरवाजाही बंद होतो, कारण कागदावर ती कपात राहतच नाही.

मालकांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. कपातीची भरपाई मालकाच्या खिशातून जाते, हे खरे. पण विम्याचा भत्ता त्याच्या खिशातून जात नाही. त्याची वर्गणी त्याने आधीच भरलेली असते. कामगाराला कपातीचे स्पष्ट पत्र दिल्याने मालकाचा विम्यापोटी एक पैसाही वाढत नाही, आणि माणूस मात्र दोन वर्षे उभा राहतो. मंदी सरल्यावर तोच अनुभवी मोल्डर पुन्हा बोलावता येतो, हा धंद्याचाही फायदा आहे. चांगला मोल्डर किंवा फर्नेसवरचा माणूस तयार व्हायला वर्षे लागतात, हे फौंड्री चालवणाऱ्याला कोणी शिकवायला नको.

काम नसताना नोकरी न तोडता माणसाला घरी बसवणे, म्हणजे ले-ऑफ, ही वेगळी गोष्ट आहे. तेथे नोकरी चालूच असते, म्हणून बेकारी भत्ता मिळत नाही. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मालकाने द्यायची असते. ५० पेक्षा कमी माणसे असतील तर तीही सक्ती नाही, आणि उद्यमनगरातील बहुतेक वर्कशॉप या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

नाव, नंबर आणि ठेकेदार

विम्याखालील प्रत्येक कामगाराला दहा अंकी विमा क्रमांक मिळतो आणि तो नोकरी बदलली तरी बदलत नाही. प्रत्यक्षात मात्र नव्या कारखान्यात गेल्यावर जुना क्रमांक सांगितला जात नाही, नवा काढला जातो, आणि दोन वर्षांची सेवा दोन तुकड्यांत विभागली जाते. दोन्ही तुकडे अटीला अपुरे ठरतात.

आपल्या समाजात नावांच्या बाबतीत हा घोटाळा अधिक होतो. आधारवर 'शिकलगार', विम्यावर 'सिकलगार', बँकेत 'सिकलकर'. एका कागदावर मोहम्मद पूर्ण, दुसऱ्यावर 'मो.', तिसऱ्यावर महंमद. कोठे वडिलांचे नाव मधे, कोठे आडनाव आधी. रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते, त्यामुळे हे तिन्ही कागद जुळले नाहीत तर अर्ज अडकतो. नोकरी चालू असताना ही दुरुस्ती सोपी असते. कारखाना बंद होऊन ऑफिसला कुलूप लागल्यावर मालकाची सही आणायची कोठून?

ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांची स्थिती आणखी नाजूक आहे. पगारातून कापणी होते, पण चलन भरले जाते का? महामंडळाच्या संकेतस्थळावर कामगाराला आपल्या क्रमांकाने स्वतःच्या नावावर जमा झालेली वर्गणी पाहता येते. हातात मोबाईल असलेल्या प्रत्येकाने तीन महिन्यांतून एकदा हे पाहावे. कापलेली वर्गणी ठेकेदाराने भरली नसेल तर मूळ कारखानदार जबाबदार धरला जातो, म्हणून कारखानदारानेही ठेकेदाराच्या बिलाबरोबर चलनाची प्रत मागण्याची शिस्त ठेवावी.

या छत्राबाहेरचे लोक

इथपर्यंत वाचून अनेक वाचक म्हणतील की आम्ही यात कोठेच बसत नाही. त्यांचे म्हणणे रास्त आहे. विम्याची योजना सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना लागू होते आणि १ जानेवारी २०१७ पासून वेतनाची मर्यादा २१,००० रुपये आहे. त्यामुळे महाद्वार रोड, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी येथील चार-पाच नोकरांचे दुकान बाहेर राहते. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला. त्या गावात आज जेथे एका छपराखाली दहापेक्षा कमी माणसे मीटरवर मजुरी घेतात, तेथील कामगार बाहेर राहतो. सुभाषनगर, जवाहरनगरातील चपलेचा कारागीर घरीच काम करतो, त्याला तर मालकच नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने मालाच्या नावाचे रक्षण झाले, पण पावसाळ्यात मागणी थंडावल्यावर घरात बसणाऱ्या हाताची सोय झाली नाही.

दुसऱ्या टोकाला कुशल माणूसही बाहेर पडतो. सी.एन.सी. चालवणाऱ्याचा पगार २१ हजारांच्या वर गेला की चालू सहामाही संपताच तो विम्यातून निघतो. पगारवाढीचा आनंद होतो, पण काम सुटल्यावर मिळणारा भत्ता त्याच दिवशी गेलेला असतो. २०१७ नंतर महागाई किती वाढली याचा विचार केला तर ही मर्यादा कधीच वाढायला हवी होती.

आपल्या जिल्ह्याची खास अडचण उसाची आहे. विम्याच्या जुन्या कायद्याने ज्यांना हंगामी कारखाने म्हणून वगळले, त्यांत साखर आणि गूळ या दोहोंचे उत्पादन येते. साखर कारखान्यातील हंगामी कायम कामगारांची सोय वेगळ्या मार्गाने झाली. वेतन कराराप्रमाणे गाळप बंद असलेल्या महिन्यांत त्यांना पगाराचा काही हिस्सा 'रिटेन्शन' म्हणून मिळतो. अर्थात, बिगरहंगामी भत्ताच तो. संघटित कामगारांनी मिळवलेला. गुऱ्हाळावरचा गुळव्या, चुलवाण पेटवणारा जळव्या यांना असे काही नाही. गुऱ्हाळ थंडावले की रोजी थांबते. एकाच उसावर चालणारे दोन धंदे, पण एकात बेकारीच्या दिवसांची तजवीज आहे आणि दुसऱ्यात नाही. फरक पडला तो संघटना आणि लेखी करार यांचा.

नोंद असली की पैसा कसा पोचतो, याचे उदाहरण बांधकाम कामगारांचे आहे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन राज्यात त्यांचे कल्याणकारी मंडळ चालते. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला देऊन नाव नोंदवावे लागते. २०२० च्या टाळेबंदीत या नोंदणीकृत कामगारांच्या खात्यावर प्रथम २,००० रुपये जमा झाले, २०२१ च्या निर्बंधांत १,५०० रुपये. रक्कम तुटपुंजी होती, परंतु यादी तयार असल्यामुळे ती देता आली. गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले, रंगारी या कामांत आपले पुष्कळ लोक आहेत. ज्यांची नोंद जिवंत नाही त्यांनी ती करून घ्यावी.

भविष्य निर्वाह निधीलाही अनेक जण बेकारीची मदत समजतात. नोकरी सुटल्यावर त्यातून पैसे काढता येतात, ते आपलेच साठवलेले आणि म्हातारपणासाठीचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याचे नियम बदलण्याचा निर्णय घेतला. त्यात ७५ टक्के रक्कम लगेच आणि उरलेली पूर्वीच्या दोन महिन्यांऐवजी १२ महिन्यांनी, असे ठरले. विम्याचा भत्ता मिळण्यासारखा असेल तर आधी तो घ्यावा आणि निधीला शक्यतो हात लावू नये.

व्यवसाय कर आणि गावचे काम

व्यापारी बंधूंना एक गोष्ट बहुधा ठाऊक नसेल. पगारदार दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाला २,५०० रुपये जो व्यवसाय कर भरतो, दुकानदार-कारखानदार जो भरतो, तो १९७५ साली बेकारांसाठीच बसवला गेला. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेला पैसा हवा होता. योजनेचे शिल्पकार सांगली जिल्ह्यातील वि. स. पागे, तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती. शहरातील कमावत्या माणसाने कर द्यायचा, तेवढीच भर शासनाने घालायची आणि खेड्यातील रिकाम्या हाताला काम द्यायचे, अशी ती रचना. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागूनही काम न मिळाल्यास भत्ता द्यायचा, हे तत्त्व त्यात होते, मग तो आरंभी दिवसाला एक रुपया का असेना. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने १०० दिवसांची हमी दिली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा मंजूर केला.

शहरातील माणूस अर्धशतक हा कर भरत आला आहे, पण शहरात काम सुटल्यावर मागण्यासारखी अशी हमी त्याला नाही. गावाकडचा माणूस मागू शकतो. ज्यांचे नाव अद्याप गावच्या जॉबकार्डावर आहे त्यांनी हे विसरू नये. काम तोंडी मागू नये, लेखी मागावे आणि तारखेची पोच घ्यावी, कारण १५ दिवसांत काम मिळाले नाही तर भत्त्याचा हक्क त्या पोचेवरच उभा राहतो.

शिकलेल्या तरुणांसाठी

रोजगार कार्यालयात, आताच्या नावाने जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात, नाव नोंदवल्याने भत्ता सुरू होत नाही. तेथून रिक्त जागांची माहिती आणि मेळाव्यांची निमंत्रणे मिळतात. जुलै २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना ६,०००, आय.टी.आय. व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा. लोकांनी तिला बेकार भत्ता समजून घेतले. ते विद्यावेतन होते, प्रथम सहा महिन्यांचे, नंतर अकरा महिन्यांपर्यंत वाढवलेले. मुदत संपल्यावर कायम करा म्हणून प्रशिक्षणार्थींना रस्त्यावर उतरावे लागले.

धंदा करू इच्छिणाऱ्याला २००८ पासूनचा प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम उपयोगी पडतो. त्यात अल्पसंख्याक अर्जदार विशेष प्रवर्गात मोडतो. स्वतःचे भांडवल ५ टक्के पुरते आणि अनुदान शहरात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के मिळते. पण हे बँकेचे कर्ज आहे. नोकरी गेलेल्या माणसाने घाबरून पहिल्या महिन्यात कर्ज काढून दुकान थाटणे हा मार्ग फार जपून धरावा.

काम सुटल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचे? कपातीचे किंवा बंदचे पत्र, शेवटच्या पगाराची पावती आणि हजेरीचा दाखला मागून घ्यावा. तोंडी 'उद्यापासून येऊ नका' म्हटले असेल तर त्याच दिवशी मालकाला साधे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवून तारीख पक्की करावी. विमा क्रमांकावरील वर्गणी तपासावी, आधार आणि बँक खाते जुळते का पाहावे. ३० दिवस पूर्ण होताच अटल योजनेचा अर्ज महामंडळाच्या संकेतस्थळावरून भरावा आणि कागद शाखा कार्यालयात द्यावेत. कारखाना बंद किंवा कपात असेल तर आधी राजीव गांधी योजनेची चौकशी करावी, कारण तिची रक्कम आणि मुदत दोन्ही मोठी आहेत. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावे. वर्गणी न भरल्याचे कारण आले तर तो मालकाचा कसूर असतो. पगारपत्रक जोडून तशी तक्रार महामंडळाकडे करता येते, आणि त्यापुढे दाद मागण्यासाठी कर्मचारी विमा न्यायालय आहे.